सुई टोचणारी गवळण

असल्फा, घाटकोपर
११ नोव्हेंबर २०२५

ती. धोंडिराम बुवांस,
देवेशचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, बाबा माझ्यावर चिडलेले असतात, म्हणजे नेहमीचंच. तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आता कागद वाचता येतो असं काकी म्हणाल्या, म्हणून लिहितोय. फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं आणि राग जास्त येतो. परवा मी 'बुवा, ऐका तरी' म्हणतोय आणि तुम्ही 'गवळण कुठाय, गवळण' करून फोन ठेवलात. मी आपला गोदामात उभा राहून बंद फोनशी बोलत होतो. सुपरवायझर बघत होता.

तर आधीच सांगून टाकतो. गवळण झालेली नाही.

गण झालाय. पदं दोन झालीत. समोरच्या तुरेवाल्यांना टाकायचे सवाल असे काढलेत की त्यांचा शाहीर स्टेजवरच पाणी मागेल. भांडायचं असलं की मला शब्द मिळतात, तुम्हाला ठाऊक आहे. गवळणीचंच अडलंय. चौदा डिसेंबरला मुलुंडच्या नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा सामना, बोर्ड लागलेत, बोर्डावर फेटा बांधून माझा फोटो, खाली 'शक्तीवाले शाहीर देवेश'. बाबांनी तो नाक्यावर पाहिला आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, 'कॉलेज सोडलंस ते ह्या फेट्यासाठी होय?' मी जेवणावरून उठलो. रात्री उपाशी झोपलो, आणि बुवा, उपाशीपोटी गवळण सुचत नाही हे लिहून ठेवा.

यंदा गवळणीच्या शेवटच्या कडव्यात तुमच्या नावाशेजारी माझं नाव घालायची परवानगी तुम्ही दिलीत. आपल्या नाचात ती कोणाला सहज मिळत नाही, मला कळतं. आठवीपासून तुमच्या मागे उभा राहून झांज वाजवली ती ह्याच्यासाठीच. म्हणून कृपा करून 'तुला किंमत नाही' असं परत म्हणू नका. किंमत आहे. वेळ नाही.

माझा दिवस सांगतो. सकाळी सातला साकीनाक्याचं गोदाम. लोकांना दहा मिनिटांत घरी कोथिंबीर पाहिजे असते. बुवा, कोथिंबीर. माझ्या हातात एक मशीन, त्यात ऑर्डर येते आणि घड्याळ उलटं पळायला लागतं. इकडच्या रॅकवरनं दूध, तिकडच्या टोकाच्या रॅकवरनं लहान पोरांचे डायपर, मधेच कोणाला तरी एकच लिंबू. उशीर झाला की पडदा लाल होतो आणि संध्याकाळी बोर्डावर नाव लागतं. मनात यमुनेचा काठ जरा धरावा तर मशीन म्हणतं, टोन्ड दूध अर्धा लिटर, दोन नग. गोकुळातलं सगळं दूध मी रोज उचलतो, पण एक ओळ सुचत नाही.

घरी आलो की पोटमाळ्यावर चढतो. खालून आई विचारते, झोपलास का? नाही. मग काय करतोस? लिहितोय. मग काही करत नाहीस ना, सिलिंडर आण.

त्यात आपला प्रीतम. झांज चांगली वाजवतो, पण अक्कल झांजेएवढीच. मला व्हिडिओ पाठवतो, धावपळीच्या आयुष्यात लेखनाची प्रेरणा कशी टिकवावी. एक बाई सांगते, पहाटे चारला उठा, कोमट पाणी प्या, मनात येईल ती तीन पानं लिहा. मी उठलो. पाणी प्यालो. तीन पानं लिहिली. तिन्ही पानांवर प्रीतमला शिव्या. दुसरा एक दाढीवाला म्हणतो, लिहायची एक जागा ठरवा आणि तिथे मेणबत्ती लावा. आमच्या पोटमाळ्यावर मेणबत्ती लावली तर आधी गाद्या पेटतील, मग आई.

हां, दशरथकाका सध्या तालमीला येत नाहीत. तब्येत बरी नसेल. मृदंगाचं बघू काहीतरी. त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका.

'लोभ असावा' असं लिहायची पद्धत आहे. लोभ आहेच. तुम्ही थोडा धीर धरावा.

देवेश


असल्फा
२२ नोव्हेंबर

ती. बुवांस,
नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. दोनच ओळी. 'दशरथाची तब्येत उत्तम आहे, त्याने मला फोन केला होता. आता तू सांग.'

डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंत आणि कानाचं का टाळता ते आता कळलं. पाहिजे ते तुम्हाला बरोबर ऐकू येतं.

मग ऐका. गवळण झाली होती. मी खोटं बोललो असं म्हणू नका, झाली होती आणि आता नाही, म्हणजे 'झालेली नाही' हे खरंच आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. बाबांची शुगर तपासायची होती. घरी येऊन रक्त घेऊन जातात हल्ली. सकाळी साडेसहाला दारात कोण, तर दशरथकाकांची प्रांजल. तिचा कोर्स झाला, आता एका लॅबमध्ये लागलीय, स्कूटी घेऊन पहाटेपासून चढणीवरची घरं करते. तुम्ही तिला लहानपणी गावी शिमग्यात पाहिलंय, पालखीपुढे रडत बसायची ती. आता बाबांसारख्या माणसाला दम देते. बाबा सुईला घाबरतात हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. ती म्हणाली, 'काका, तिकडे बघा, देवेशकडे बघा, त्याला बघून असाही राग येतो ना तुम्हाला, मग दुखणार नाही.' आणि खरंच त्यांना कळलं नाही. नळी भरली, निळ्या पेटीत ठेवली, निघाली. मी जिन्यापर्यंत गेलो. चहा घे म्हटलं. ती खाली पोचलेली होती.

त्या दिवशी गोदामात जेवायच्या सुट्टीत डबा उघडला नाही. बिस्किटांच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्याच्यावर लिहीत सुटलो. ना कोमट पाणी, ना मेणबत्ती. डोक्यावर एसीचा पाइप गळतोय, बाजूला दोघं जण क्रिकेटवरून भांडतायत, आणि मला ओळीच्या ओळी येतायत.

*थांब जराशी म्हणतो कान्हा, वाट अडवून दारी,*
*दह्यादुधाची नव्हे ही गवळण, सुई टोचणारी।*
*डोईवर नाही घागर हिच्या, खांद्याला पेटी निळी,*
*लोणी कुठलं, कान्हा रे, हिच्यापाशी सुई नि नळी।*

तुम्हाला आवडलं असणार. कबूल करू नका, पण आवडलं असणार.

रविवारी तालमीला म्हटली. ध्रुपदालाच पोरं हसली. दशरथकाका सगळ्यात जास्त हसले, थाप अशी दिली की खिडकीची काच वाजली. निळी पेटी आली तसे ते हसायचे थांबले, पण हात चालू होता. मग तिसरं कडवं.

*पुढे जाऊन मागे वळते, गालात हसते थोडी,*
*कान्ह्याला ठाऊक, तिच्या मनाला लागली त्याची गोडी।*

मृदंग बंद. बुवा, मृदंग मधेच थांबला की काय होतं ते तुम्ही कधी पाहिलं नसेल, तुमच्यापुढे कोणाची हिंमत आहे थांबायची. आठ नाचणारे एक पाय वर धरून उभे. घुंगरू एकाचंच वाजलं, तोही घाबरला.

काकांनी मृदंगाला खोळ घातली. मग मला म्हणाले, 'देवेश, माझी पोरगी कोणासाठी मागे वळते?'

इथे गप्प बसायचं होतं. मी म्हटलं, काका, गवळणीत वळतातच, परंपरा आहे. ते म्हणाले, 'परंपरा आहे तर पेटी निळी कशाला केलीस?' आणि गेले.

एवढ्यावर संपतं तरी चाललं असतं. प्रीतम तालमीचं रेकॉर्डिंग करत होता. त्याने ते ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'शाहिराची प्रेरणा', पुढे हसणारी तोंडं. त्या ग्रुपवर तिचा मामेभाऊ आहे. मी प्रीतमला खाली नाक्यावर गाठला, मंडळाची दोन माणसं मधे पडली म्हणून वाचला. पण व्हिडिओ गेला तो गेला. बाबांचं रक्त परत घ्यायचं होतं, या वेळी लॅबमधून दुसरंच कोणीतरी आलं.

खोक्याचं झाकण मी फाडून टाकलं. त्यानंतर रोज बसतो, एक अक्षर येत नाही. कान्हा म्हटलं की मीच दिसतो, पाय वर धरून उभा. आणि खरं सांगायचं तर मी चुकलोय कुठे? तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. लहानपणापासून ओळखतो. पोरगी चारचौघांत कबूल करत नाही म्हणजे नसतंच असं थोडंच आहे.

असो. विनंती एकच. तुमची एखादी जुनी गवळण पाठवा, वीस वर्षांपूर्वीची चालेल, कोणाला आठवणार नाही. मृदंगासाठी चेंबूरवरून एक जण पैसे घेऊन यायला तयार आहे. सामना निभावून नेऊ. नाव तुमचंच राहील, वर माझंही लागेल.

तुमच्या उत्तराची वाट बघतो, आणि ते दोन ओळींपेक्षा मोठं असेल अशी आशा ठेवत नाही.

देवेश


असल्फा
५ डिसेंबर

ती. बुवांस,
साष्टांग नमस्कार. या वेळी मनापासून.

तुमचं उत्तर मोठं आलं. चार ओळी. 'जुनी मिळणार नाही. भाड्याचा मृदंग आपल्या नाचात वाजणार नाही. ज्याच्यावर रचलं त्याला समोर बसवून आधी ऐकवायचं, हे तुला शिकवलं होतं. ते केलं नाहीस.'

शिकवलं होतं. सरपंचावर पद रचलंत तेव्हा त्याच्याच पडवीत जाऊन म्हणालात, त्याने हातातला तांब्या आपटला, आणि शिमग्याला तोच पुढे बसून दाद देत होता. पण बुवा, सरपंच वेगळा. सरपंचावर माझा जीव नव्हता.

कार्ड खिशात घेऊन दोन दिवस फिरलो. दोन्ही दिवस गोदामात बोर्डावर माझं नाव. सुपरवायझर म्हणाला, प्रेमभंग झालाय का? मी म्हटलं, तुझं काम बघ. त्याने अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

रविवारी दुपारी गेलो. दार दशरथकाकांनी उघडलं, मला पाहिलं, आत गेले, पण दार लावलं नाही. काकूंनी पाणी दिलं. प्रांजल कामावरून आलेली, पंख्याखाली पाय पसरून पोहे खात होती. मी काय काय ठरवून गेलो होतो, माफी वगैरे. तोंडातून निघालं, 'बुवांनी सांगितलंय तुला ऐकवायला.'

ती म्हणाली, 'मग ऐकव. सगळं. त्या व्हिडिओत अर्धं आहे.'

मृदंग नाही, झांज नाही, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गवळण म्हणायची. सुई टोचणारीला काकू पदरात हसल्या. दुसऱ्या कडव्याला प्रांजल म्हणाली, पेटी निळीच आहे, बरोबर. मला वाटलं जिंकलो. तिसरं जरा आळवून म्हटलं.

तिने ताटली खाली ठेवली. 'हे खोटं आहे.'

मी म्हटलं, गवळणीत तसं असतं.

'गवळणीचं सोड. मी वळले कधी? सांग ना. जुहूला मी तुला काय बोलले होते?'

आता ते तुम्हाला सांगावं लागणार. गेल्या वर्षी मंडळाची सगळी जुहूला गेली होती. पोरं पाण्यात गेली, आम्ही दोघं बर्फाचा गोळा खात चपला सांभाळत बसलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं. ती म्हणाली, 'देवेश, नको रे. माझ्या मनात तसं नाहीये.' स्पष्ट म्हणाली, हसून नाही, रागावून नाही. गोळा संपेपर्यंत बसली सुद्धा. मी त्याचा अर्थ लावला की आत्ता नको. मग वर्षभर तोच अर्थ घेऊन फिरलो, रोज सकाळी तिची स्कूटी उतरताना खिडकीतून हाक मारायची, आणि तिने ऐकलं नाही असं समजायचं.

ती ऐकत होती, बुवा. तेच तिने सांगितलं. म्हणाली, 'तुझी हाक मला रोज ऐकू येते. पण त्या वेळेला माणसं माझी वाट बघत उपाशी बसलेली असतात. शुगरवाले, म्हातारी, रात्रीपासून पोटात काही नाही, चहा नाही. मी थांबू कशी? आणि रिकामी असते ना, तरी थांबले नसते. तू तर मला सगळ्या वाडीसमोर वळवून टाकलंस.'

आतून काकांचा खोकला ऐकू आला. मी उठलो. काहीतरी बोललो, बरं नव्हतं ते, बहुतेक 'तुला गाण्यातलं काय कळतं' असं. जिना उतरून थेट साकीनाका, त्या दिवशी दुपारची पाळी होती. तिथे पोचल्यावर कळलं की पायात दशरथकाकांच्या चपला आहेत. एक नंबर मोठ्या. त्या फटाक फटाक वाजवत रॅकमधून धावायचं, डोक्यात आग. गाण्यातलं कळत नाही म्हणे मी तिला सांगतोय. रक्त काढते ती, सुई बरोबर शिरेत घालते. आणि मी मात्र शीर सोडून भलतीकडेच सुई टोचलेली.

संध्याकाळी एक ऑर्डर आली. ग्लुकोजची बिस्किटं एक पुडा, दूध अर्धा लिटर. बाकी काही नाही. मला दिसली एक म्हातारी, रक्त देऊन झालंय, दंडाला कापूस धरून बसलीय, आता काहीतरी खाणार. आता संध्याकाळी कोण रक्त देतं, मला ठाऊक आहे, पण दिसली. मी दुधाच्या फ्रिजसमोर उभा राहिलो तो राहिलोच. पडदा लाल झाला. मशीन ओरडायला लागलं. मी पुठ्ठ्याचा तुकडा शोधत होतो.

*हाक मारतो कान्हा मागून, वळून ती ना पाही,*
*उपाशी कोणी बसलंय घरी, थांबायची सोय नाही।*

त्या बाईंचं दूध उशिरा पोचलं. माझं नाव बोर्डावर सगळ्यात वर होतं. मला पहिल्यांदा काही वाटलं नाही. खूप दिवसांनी असं झालं की ओळ आली आणि मी तिच्याशी भांडलो नाही. सुख वाटलं असंही नाही. दात काढल्यावर जीभ तिथे जाते ना, तसं ते कडवं परत परत म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी काकांच्या चपला परत करायला गेलो आणि दारातच उभा राहून तिसरं कडवं म्हटलं. आत बोलावलं नव्हतं म्हणून दारात. प्रांजल बेसिनपाशी हात धूत होती. नळ बंद केला. मला वाटलं परत म्हणायला लावेल. नाही लावलं.

म्हणाली, 'हे चालेल. पण शेवटी तुझं नाव येणार?'

मी म्हटलं, येणारच, यंदा पहिल्यांदा येणार, बुवांनी परवानगी दिलीय.

'मग नको. स्टेजवर बाबा वाजवणार, तू गाणार, गाण्यात मी, आणि शेवटी तुझं नाव. वळले नाही तरी लोक मला तुझीच म्हणणार. गवळण ठेव, नाव काढ.'

तिला सांगितलं, ह्या नावासाठी मी कॉलेज सोडलं. आठ वर्षं झांज बडवली. बापाचे टोमणे खाल्ले. ही गवळण माझ्या आयुष्यात सगळ्यात चांगली झालीय, आणि ह्याच गवळणीतून नाव काढू? माझ्या बाकीच्या बोलण्यासारखंच हेही तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, 'मी तुला जबरदस्ती करत नाहीये. दुसरी लिही, तिच्यात घाल.'

मी दोन दिवस तिच्यावर, तुमच्यावर, प्रीतमवर आणि कान्ह्यावर चिडून काढले. दुसरी लिहायला बसलो. झाली पण. घागर, यमुना, वळणं, हसणं, सगळं आहे तिच्यात. अशा दिवसाला पाच लिहीन. ती फाडली.

काल तालीम होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, गवळण तीच, तिसरं कडवं नवं, नाव फक्त बुवांचं. प्रीतम म्हणाला, 'अरे पण बोर्डावर तर...' मी त्याच्याकडे बघितलं, त्याने झांज उचलली. मग दार उघडलं. दशरथकाका, खांद्याला मृदंग, मागे प्रांजल. काका बसले, खोळ काढली, आणि तसेच बसून राहिले. हात मृदंगावर, पण वाजवेनात. पोरं माझ्याकडे बघतायत, मी जमिनीकडे.

प्रांजल दारातूनच म्हणाली, 'बाबा, वाजवा. ह्यात मी थांबत नाही.'

काकांनी थाप दिली. आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. ती शेवटपर्यंत थांबली नाही, तिला सकाळी लवकर उठायचं असतं.

पूर्ण गवळण सोबतच्या कागदावर उतरवून पाठवतोय. तुमचं नाव नेहमीच्या जागी आहे. शेजारची जागा मी टाळाने भरून काढलीय, ऐकणाऱ्याला कळणार नाही, तुम्हाला कळेल. चौदा तारखेला डॉक्टर तुम्हाला प्रवास करू देणार नाहीत म्हणे, तेव्हा फोन कानाला लावून बसा, प्रीतम ऐकवेल. तिसऱ्या कडव्याला माझा आवाज जरा खाली जातो. सुधारायला बघतोय, पण जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन करून ओरडू नका.

तुमचा डोळा जपा. काकींना नमस्कार सांगा. आणि पत्राखाली नाव घालायला कोणाची हरकत नाही, म्हणून इथे घालतो,

तुमचा चेला
देवेश